टोपी, कोपर, पट्टा

मंगळवारी सकाळी टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत एक माणूस यायचा. बारीक, चष्मेवाला, हातात काही नसायचं. पण तो दारात दिसला की रेड्यासारखे धिप्पाड गडी खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागायचे, बांधलेल्या असल्या तरी. ज्याच्या खांद्यावर त्याचा हात पडे त्याला तो एवढंच म्हणे, “कोच बोलावतायत. खेळींचं पुस्तक बरोबर घे.” पुस्तक घे म्हटलं की संपलं. पुस्तक संघाचं, ते परत करायचं आणि घरी जायचं.

कर्टिस बॉफोर्डने नऊ वर्षं तो हात दुसऱ्यांच्या खांद्यावर पडताना पाहिला होता. त्या ऑक्टोबरात तो त्याच्या स्वतःच्या खांद्यावर पडला तेव्हा त्याला हसूच आलं.

“चुकलास बाबा,” तो म्हणाला. “वेंडेल तिकडं बसलाय. जाडा तो.”

वेंडेल म्हणजे संघाचा सेंटर. दर खेळीला वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे, तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात देणारा. कर्टिसचा जिवलग. एरवी या टोमण्यावर त्याने चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी तो नाडी बांधत राहिला.

“पुस्तक घे, कर्टिस,” चष्मेवाला म्हणाला.

आता हा कर्टिस कोण, ते सांगायला हवं. वर्तमानपत्रवाल्यांनी याच्यावर कधी चार ओळी खर्च केल्या नाहीत. तो आमच्या कॉल्टर्सव्हिलचा. ओहायो नदीकाठचं गाव, पोलादाची भट्टी बंद पडली तेव्हा अर्धं रिकामं झालेलं. शाळेत असल्यापासून त्याचा हात असा की साठ यार्डांवर फेकलेला चेंडू पळत्या गड्याच्या छातीशी जाऊन बसायचा. पण कॉलेजात गेल्या गेल्या तिथल्या कोचने त्याच्या काळ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “पाय झकास आहेत तुझे. तू चेंडू झेलायला जा. फेकणारे आहेत आमच्याकडे.” त्या काळात आमच्या पोरांना हे जिथं तिथं ऐकायला मिळायचं. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं, आणि डोकं आमच्याकडे असतं हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. बाकीची पोरं गेली झेलायला, काहींनी नाव कमावलं. कर्टिस म्हणाला, “मी क्वार्टरबॅक आहे. बाकावर बसवायचं तर बसवा.”

बसवला. कॉलेजात बसवला, आणि पुढे व्यावसायिक संघात घेतला तोही बसवायलाच. म्हणजे बसवायला तरी कुठे, उभा ठेवायला. तेव्हा हेल्मेटात रेडिओ नव्हते. मैदानावरच्या क्वार्टरबॅकला पुढची खेळी कोणती हे बाजूच्या रेषेवरून हातवारे करून सांगावं लागे, आणि ते काम दुसऱ्या क्वार्टरबॅकचं. टोपीला हात, मग कोपर, मग पट्टा. कानाची पाळी, गुडघा, पुन्हा टोपी. कोच हॅलरन त्याच्या कानात खेळी सांगायचे आणि कर्टिस ती अंगावर लिहायचा. शेजारी उभा असलेला तिसरा क्वार्टरबॅक, ब्रँट नावाचं नवीन पोरगं, खोटे हातवारे करायचं, शत्रूला चकवायला.

नऊ वर्षं हेच. टीव्हीवर गावाला दिसायचा तो अंग चोळणारा कर्टिस. सुट्टीत घरी आला की न्हाव्याच्या दुकानातून हाक यायची, “काय रे, खाज गेली का अजून?” त्याची आई, मिस अर्लीन, चर्चमध्ये बायकांना सांगायची, “माझा कर्टिस सगळ्या संघाला सांगतो काय करायचं ते.” ते खरंच होतं म्हणा. पण कर्टिसला एकच हवं होतं. एक सामना. पहिल्या चेंडूपासून, स्वतःच्या हातांनी. तेवढ्यासाठी त्याने झेलणाऱ्यांचं नाव आणि मानमरातब लाथाडला होता. तो एक सामना नऊ वर्षांत आला नव्हता, आणि आता तो पुस्तक काखोटीला मारून हॅलरनच्या खोलीत उभा होता.

हॅलरन उठून उभे राहिले. त्यांनी कर्टिसचा हात हातात घेतला. “बचावफळीतले दोघं जायबंदी झालेत. एक जागा मोकळी करावीच लागतेय. धंदा आहे, कर्टिस, मनाला लावून घेऊ नकोस.”

“कोच, शुक्रवारी तुम्हीच मला नवीन खुणा बसवायला सांगितल्यात. शनिवार-रविवार जागून बसवल्यात मी. काल पोरांना शिकवल्या.”

“आणि काय सुरेख बसवल्यास! ब्रँट करील त्या.”

ते वाक्य त्याला तेव्हा नुसतं लागलं. त्यात काय आहे ते कळलं नाही.

घरी पोचतो तोच फोन वाजत होता. ओमाहाहून. मुख्य कोच सॅटरफील्ड स्वतः बोलत होता. त्यांचा दुसरा क्वार्टरबॅक गुडघा मोडून पडला होता, आणि येत्या रविवारी त्यांचा सामना होता टोलेडोशी. “दुपारच्या विमानात बस. आमच्या पहिल्याची पाठ धरलीय, कधी खाली बसेल सांगता येत नाही. तो बसला की तू.”

कर्टिसने फोन ठेवला आणि बायकोला उचलून गरकन फिरवलं. डिनीस इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायची, माणूस पारखायची. खाली उतरवल्यावर तिने ॲप्रन सरळ केला.

“खुणांसाठी बोलावतायत तुला.”

“अगं, त्यांचा दुसरा पडलाय!”

“असेल. तू बघ, ते आधी हेल्मेट देतात का आधी प्रश्न विचारतात.”

आधी प्रश्नच विचारला. बुधवारी सही झाली आणि सॅटरफील्डने खोलीचं दार लोटलं, खुर्ची उलटी करून बसला. मोठा मोकळा माणूस, तोंडात तंबाखू. “बोल मित्रा. टोपी म्हणजे काय?”

“कोच, मी खेळायला आलोय.”

“मग खेळायलाच आलायस की. पण रविवारी माझ्या संघाचा गडी उभा राहणार का टोलेडोचा, ते मला कळायला नको? त्यांनी तुला काल कचऱ्यात टाकलं. मी उचललं.” तो डब्यात थुंकला. “बघ बाबा. जबरदस्ती नाही. संध्याकाळचं विमान पण आहे परतीचं.”

कर्टिसने मनात एक हिशेब केला, आणि त्या वेळी त्याला तो अगदी चोख वाटला. खुणा करणारा माणूस शत्रूकडे गेला की त्याच दिवशी खुणा बदलायच्या, हे या खेळातलं शेंबडं पोरही जाणतं. हॅलरन तर तीस वर्षांचे मुरलेले. मी बसवलेल्या खुणा त्यांनी कालच मोडीत काढल्या असणार. म्हणजे मी जे सांगणार ते शिळं. वेंडेलचं काही बिघडत नाही, कोणाचंच बिघडत नाही. यांना वाटेल मी यांचा झालो आणि मला माझा सामना मिळेल.

असं म्हणून तो बोलला. अर्ध्या तासात सगळं. टोपी म्हणजे पुढची खूण खरी, कोपर म्हणजे लांब फेक, पट्टा म्हणजे मधून घुसायचं. सॅटरफील्ड उभा राहून करून बघत होता. “असं?”

“नाही कोच, कोपर आतून धरायचं. बाहेरून धरलं तर खोटं.”

आपण त्याची चूक सुधारतोय, आणि सुधारताना आपल्याला बरं वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं. आपल्या हाताचं काम कोणीतरी एवढं लक्ष देऊन बघत होतं. त्याने हात खिशात घातले. पण तोवर सगळं सांगून झालं होतं.

रविवारी ओमाहात वारं सुटलेलं, मैदान खच्चून भरलेलं. कर्टिस सॅटरफील्डला खेटून उभा. समोरच्या रेषेवर टोलेडोची निळी टोपी घातलेला ब्रँट. पहिल्या खेळीला ब्रँटने टोपीला हात लावला, मग पट्ट्याला.

तीच खूण. जशीच्या तशी.

“पट्टा,” सॅटरफील्ड दातांतून म्हणाला. “मधून. बरोबर?”

“बदललं असेल, कोच. विश्वास ठेवू नका.”

सॅटरफील्डने तरीही आपल्या बचावाला मध्ये लोटलं. आणि टोलेडोचा गडी बरोबर मधून आला आणि तीन-चार जणांखाली गाडला गेला. दुसरी खेळी, कोपर आतून, लांब फेक. तिथं आधीच दोन गडी उभे. ओमाहाने चेंडू हवेतल्या हवेत खुडला. मैदान उठून नाचायला लागलं. सॅटरफील्डने कर्टिसच्या पाठीत असा रट्टा घातला की तो दोन पावलं पुढे गेला. “सोनं आहेस रे तू! सोनं!”

सोन्याला घाम फुटला होता. हॅलरनने खुणा बदलल्या नव्हत्या. का? एवढा मुरलेला माणूस, का? आणि मग त्याला उत्तर सुचलं. हॅलरनने बदलल्या नाहीत, कारण त्यांना खात्री होती. कर्टिस बोलणार नाही. दुसरा कोणी बोलेल, कर्टिस नाही. हाकलून दिला तरी त्या माणसाने आपल्यावर एवढा विश्वास ठेवला, आणि आपण काय केलं? विमानातून उतरलो आणि कोपर कसं धरायचं ते शिकवलं.

अर्धा सामना होईपर्यंत टोलेडोला एकदाही चेंडू शेवटच्या रेषेपार नेता आला नव्हता, खात्यात एक टचडाउन नव्हता. मधल्या विश्रांतीत ओमाहाचे गडी कर्टिसच्या डोक्यावर टपल्या मारून जात होते आणि तो संडासात जाऊन ओकला.

विश्रांतीनंतर पहिलीच खेळी. टोपी, पट्टा. सॅटरफील्डने न विचारता सगळी फळी मध्ये दाबली. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला. लांब, उंच, आणि त्याच्या खाली टोलेडोचा एक गडी एकटाच पळत होता, आसपास चिटपाखरू नाही.

“योगायोग,” सॅटरफील्ड म्हणाला.

पुढच्या वेळी कोपर आलं. फळी मागे पसरली. टोलेडोवाले मधून भोक पाडून चालत गेल्यासारखे गेले. पुन्हा पट्टा, पुन्हा डोक्यावरून. तीन वेळा चेंडू हातात आला, तिन्ही वेळा टचडाउन. मैदान असं गप्प झालं की पलीकडे टोलेडोच्या बाकावरचं हसणं ऐकू यायला लागलं.

तेव्हा कर्टिसला सगळं एकदम दिसलं. पहिला अर्धा खरा, दुसरा उलटा. शुक्रवारी नवीन खुणा बसवायला सांगितल्या, मंगळवारी हाकललं. हॅलरनना त्याची जागा मोकळी करायचीच नव्हती. त्यांना तो ओमाहात हवा होता. त्यांना तो बोलायला हवा होता. हा सगळा डाव एका गोष्टीवर उभा होता, कर्टिस बॉफोर्ड बेइमान निघेल यावर. आणि तो निघाला होता.

त्याने समोर हॅलरनकडे पाहिलं. वाटलं, एकदा तरी हा माणूस इकडे बघेल. हसेल, हात करील, शिवी देईल. हॅलरन मैदानाकडे बघत होते. सामना संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

“किती दिले रे त्याने तुला?” सॅटरफील्ड अगदी हळू आवाजात विचारत होता.

“काही नाही कोच. मी खरं सांगितलं तुम्हाला. देवाशपथ, मी त्यांच्या सगळ्या खुणा खऱ्या सांगितल्या!”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर कर्टिसने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. नऊ वर्षं एका संघाचं मीठ खाल्लेला माणूस दुसऱ्याला शपथेवर सांगत होता की मी त्यांना प्रामाणिकपणे विकलं. आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात ओमाहाच्या पहिल्या क्वार्टरबॅकला दोघांनी मिळून आडवा केला. तो उठला नाही. त्याला स्ट्रेचरवर घालून नेलं. कर्टिसने हेल्मेट चढवलं, हनुवटीचा पट्टा आवळला आणि सॅटरफील्डसमोर जाऊन उभा राहिला. नियमाने, कराराने, कशानेही आता तोच.

सॅटरफील्ड त्याच्या खांद्यावरून मागे बघत ओरडला, “डेल!”

डेल म्हणजे चेंडू लाथाडणारा. सडपातळ, गोरा, अंगावर मातीचा डाग नसलेला.

“मी?” डेल म्हणाला.

“शाळेत होतास ना क्वार्टरबॅक? जा.”

“कोच, कर्टिस इथं उभा...”

“मला दिसतोय तो. तू जा.”

आणि डेल गेला. हजारो माणसांनी पाहिलं की धडधाकट क्वार्टरबॅक हेल्मेट घालून रेषेवर उभा आहे आणि मैदानात एक लाथाड्या चेंडू धरतोय. टीव्हीवर आमच्या गावानेही पाहिलं. न्हाव्याच्या दुकानात कोणी तोंड उघडलं नाही. मिस अर्लीनने टीव्ही बंद केला नाही, नुसता आवाज बंद केला.

सामना संपल्यावर बोगद्यात वेंडेल भेटला. चिखलाने माखलेला. कर्टिस भिंतीला पाठ लावून उभा होता.

“कधी ठरलं हे?”

“आम्हाला काल रात्री सांगितलं, हॉटेलात.” वेंडेल हेल्मेटमधला चिखल नखाने काढत होता. “कोचने फळ्यावर लिहिलं, पहिला अर्धा सरळ, दुसरा उलटा. मी उभा राहिलो. म्हटलं, कोच, हे वाया जाणार. कर्टिस मरेल पण बोलणार नाही. सगळे हसले. कोच म्हणाले, लावतोस पैज? मी लावली. हरलो तर सगळ्या फळीला स्टेकचं जेवण.”

कर्टिस भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढे आला.

“पहिल्याच खेळीला ब्रँटने पट्ट्याला हात लावला, आणि माझ्या समोरचा गडी मध्ये सरकला,” वेंडेल म्हणाला. “मी वाकलेलो होतो, चेंडू हातात. दोन पायांतून मागे बघायचं तर मी समोर बघत राहिलो. म्हटलं, सरकला कसा हा?”

एवढं बोलून तो बसकडे निघून गेला.

ओमाहाकडेही एक मंगळवारवाला माणूस होता. जाडा होता, एवढाच फरक. तो सोमवारीच आला.

लोकांना वाटतं अशा गोष्टी करणारे राक्षस असतात. छे! बुधवारी हॅलरनचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चुलत्याने पुतण्याला जेवायला बोलवावा तसा होता. “अरे, कुठे बसलायस? ये परत. आमच्या पहिल्याचा अंगठा मोडलाय रविवारी. ब्रँट कच्चा आहे. या रविवारी तू खेळणार. पहिल्या चेंडूपासून.”

ज्याची नऊ वर्षं वाट पाहिली ते वाक्य असं, चहा घ्यायला ये म्हटल्यासारखं आलं होतं.

“कोच, मी बोललो नसतो तर?”

“तर नेहमीसारखं खेळलो असतो. काय बिघडलं असतं?” हॅलरन हसले. “पण तू शहाणा माणूस आहेस, कर्टिस. घरदार आहे तुला. मी तुझ्या शहाणपणावर भरवसा ठेवला. शिवी समजू नकोस ती.”

डिनीस ओट्याशी पाठ करून बटाटे सोलत होती. फोन ठेवल्यावर तिने न वळताच विचारलं.

“जाणार?”

“तोंड कसं दाखवू? वेंडेलला? सगळ्यांना?”

“हॅलरनला पडलाय का हा प्रश्न?” तिने सुरी खाली ठेवली. “त्याने तुला मांसाच्या तुकड्यासारखा गळाला लावला आणि आता जेवायला बोलावतोय. लाज वाटून घरी तू बसणार? व्वा! तुझ्या लाजेवर त्यांचं दुकान चालतं, कर्टिस. जा. पण एक कर. जे केलंस ते तुझ्या तोंडाने त्यांना सांग. दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळलंय, ते पुरेसं नाही.”

मग तिने पुन्हा सुरी उचलली आणि बटाट्यावर असा राग काढला की निम्मा बटाटा सालीबरोबर गेला.

रविवारी टोलेडोत थंडी होती. आठवडाभर सरावात त्याच्याशी कोणी कामाव्यतिरिक्त शब्द बोललं नव्हतं. पहिली खेळी. दहा जण गोल करून, खांद्याला खांदा लावून वाकले आणि अकरावा कर्टिस मध्ये शिरला. खेळी सांगायची ती क्वार्टरबॅकने. त्या रिंगणात बाकी कोणी तोंड उघडायचं नसतं, आमच्या खेळात त्याला देवळासारखं मानतात. समोर हेल्मेटच्या दहा जाळ्या, दहा जोड डोळे, तोंडांतून वाफ निघतेय. पलीकडे घड्याळ चालू.

“मी सांगितलं होतं,” कर्टिस म्हणाला. “ओमाहाला. सगळं. अर्ध्या तासात. कोणी मारलं नाही मला, कोणी धमकी दिली नाही. मला खेळायचं होतं.”

वेंडेल बरोबर त्याच्या समोर होता. नियम मोडून तो बोलला.

“आणि आम्हाला शनिवारी रात्री सगळं कळलं होतं,” तो म्हणाला. “तू त्याच गावात होतास. खोलीत फोन होता. आम्ही पंचेचाळीस जण होतो, कर्टिस. एकानेही उचलला नाही. मीसुद्धा नाही. मी पैज लावत बसलो.”

हे कर्टिसच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ दिवस तो स्वतःला खात बसला होता, आणि हे एकदाही मनात आलं नव्हतं की त्या खोलीतून एक फोन येऊ शकला असता. त्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. डावीकडचा धिप्पाड गडी आपल्या बोटांवरच्या पट्ट्या बघत होता. त्याच्या पलीकडचा डोळे मिटून होता.

“घड्याळ,” कोणीतरी पुटपुटलं.

“खेळी बोल,” वेंडेल म्हणाला.

कर्टिसने तोंड उघडलं. लांब फेक, उजवीकडून, तिसऱ्या हाकेला चेंडू मागे. दहा जणांनी एकदम टाळी वाजवली आणि रिंगण फुटलं. वेंडेल जाऊन चेंडूवर वाकला. कर्टिसने त्याच्या मागे हात लावले, समोरच्या फळीवरून नजर फिरवली आणि पहिली हाक दिली.